‘ढ’ पोर आणि विषारी भिंत : शिशाच्या इतिहासातून आपण काय शिकायचे?

वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या, पाढे विसरणाऱ्या, फळ्याकडे लक्ष नसणाऱ्या मुलासाठी आपल्या शाळांकडे एक अक्षर तयार असते : ‘ढ’. ते एकदा चिकटले की निघत नाही. मास्तर म्हणतात, याच्या डोक्यात काही शिरत नाही. शेजारी म्हणतात, घरातच शिक्षण नाही तर पोराकडून काय अपेक्षा करायची? आणि पोर आपल्या वस्तीतले असेल तर पुढचे वाक्य कोणी उघड बोलतो, कोणी मनात ठेवतो : यांच्या रक्तातच नाही.

हेच ‘ढ’ अक्षर पुढे आरक्षणाच्या वादात सुटाबुटात भेटते. तेव्हा त्याचे नाव ‘मेरिट’ असते.

मित्रांनो, या लेखात मला रक्ताचीच गोष्ट सांगायची आहे. अमेरिकेत विसाव्या शतकभर लाखो मुलांच्या रक्तात खरोखरच काहीतरी होते. ते त्यांना आईबापांच्या वंशाकडून मिळालेले नव्हते. ते घरमालकाच्या भिंतीवरून, मोटारीच्या धुरातून आणि पुढे सरकारी नळातून आले होते. त्याचे नाव शिसे. या विषाने मुलांची बुद्धी, शाळा आणि रोजगार खाल्ला, आणि व्यवस्थेने त्याचा दोष त्याच मुलांच्या जन्मावर ढकलला. हा इतिहास आपण नीट वाचला पाहिजे. कारण त्यात आपल्या विरोधकांच्या सर्वांत आवडत्या युक्तिवादाचे उत्तर आहे, आणि आपल्यासाठी एक काम आहे.

शिसे मुलांच्या शरीरात काय करते?

शिसे शरीराच्या काहीच उपयोगाचे नाही. पण शरीर त्याला कॅल्शियम समजून फसते. कॅल्शियम जिथे जाते तिथे ते जाते : हाडांत, दातांत आणि वाढत्या मेंदूत. मेंदूतील पेशी एकमेकींशी जोडल्या जाण्याच्या वयात ते मध्ये घुसते आणि ती जोडणीच बिघडवते. पोटात गेलेल्या शिशापैकी मोठ्या माणसापेक्षा चार-पाच पट अधिक शिसे लहान मूल शोषून घेते. ज्या मुलाच्या अंगात लोह आणि कॅल्शियम कमी, त्याच्या शरीरात ते आणखी सहज शिरते. म्हणजे उपाशी मुलाला हे विष जास्त बाधते. शिवाय ते आईच्या हाडांत वर्षानुवर्षे साठून राहते आणि गरोदरपणात तिथून सुटून बाळापर्यंत पोहोचते.

जास्त प्रमाणात गेले तर झटके येतात, मूल बेशुद्ध होते, दगावते. कमी प्रमाणात गेले तर बाहेरून काहीच दिसत नाही. मूल हसते, खेळते, शाळेत जाते. फक्त लक्ष टिकत नाही, वाचन मागे पडते, राग आवरत नाही. याच मुलाला आपण ‘ढ’ म्हणतो.

भिंतीवर विष, वस्तीभोवती लाल रेघ

हे कोणाला ठाऊक नव्हते असे मुळीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या डॉक्टरांनी १८९० च्या दशकात मुलांमधली शिशाची विषबाधा नोंदवली. १९०४ मध्ये लॉकहार्ट गिब्सन या डॉक्टरने तिचे मूळ व्हरांड्याच्या कठड्याला दिलेल्या रंगात असल्याचे दाखवून दिले. १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने घराच्या आतल्या रंगकामात शिशाचा सफेदा वापरण्यावर निर्बंध घालणारा करार केला. १९२२ मध्ये क्वीन्सलँडने मुलांच्या हाताला लागतील अशा जागी शिशाचा रंग लावण्यावर कायद्याने बंदी घातली.

अमेरिकेने मात्र त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ हा रंग विकू दिला. नॅशनल लेड कंपनीच्या ‘डच बॉय’ रंगाच्या डब्यावर एका लहान मुलाचेच चित्र होते. १९२० च्या दशकात ही कंपनी मुलांसाठी रंगवायची पुस्तके काढत होती आणि त्यांत शिशाचे गुणगान करत होती. त्याच दशकात पेट्रोलमध्येही शिसे मिसळणे सुरू झाले. १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या कारखान्यात हे मिश्रण तयार करणारे कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. वर्षभर थोडी चर्चा झाली आणि धंदा पुढे चालू राहिला.

आता प्रश्न असा की हा रंग तर श्रीमंतांच्या घरांतही होता, मग विष गरिबांच्याच मुलांना जास्त का बाधले? याचे उत्तर रसायनशास्त्रात शोधून मिळणार नाही, ते जमिनीच्या राजकारणात आहे. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारच्या गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार केले. ज्या वस्त्यांत काळे लोक राहत त्या नकाशात लाल रंगाने दाखवल्या, म्हणजे तिथे कर्ज देणे धोक्याचे. त्या लाल रेघेच्या आत घर घ्यायला किंवा दुरुस्त करायला बँका पैसा देईनात. रेघेबाहेरच्या गोऱ्या वस्त्यांत काळ्यांना कोणी घर देईना. परिणामी काळी कुटुंबे जुन्या, पडक्या, भाड्याच्या घरांत कोंडली गेली. घरमालकाने भाडे वसूल केले, दुरुस्ती केली नाही. भिंती ओलसर झाल्या, खिडक्यांच्या चौकटींवरून रंगाचे पोपडे निघू लागले. रांगणारे मूल ते उचलून तोंडात घाली. शिशाच्या रंगाची चव किंचित गोड असते.

गावकुसाबाहेर राहणे म्हणजे काय, हे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या भोगले त्यांना ही लाल रेघ समजावून सांगायची गरज नाही. कोणी कुठे राहायचे हे ठरवले की कोणी काय प्यायचे, काय श्वासात घ्यायचे आणि कोणाची मुले कोणत्या आजाराने मरायची हेही ठरते.

बाल्टिमोर शहरातली एक नोंद मला विशेष महत्त्वाची वाटते. १९३२ च्या महामंदीत तिथल्या गरीब कुटुंबांना जळण परवडेना. भंगारात मोटारींच्या जुन्या बॅटऱ्यांची लाकडी खोकी मिळत. लोक ती चुलीत जाळून घर ऊबदार ठेवत. त्या लाकडात शिसे मुरलेले होते. धुरातून ते मुलांच्या अंगात गेले. शहराच्या आरोग्य खात्याने त्या काळात या विषबाधेची नोंद केली. तिला मंदीचा आजार म्हटले गेले. बाल्टिमोरने पुढे, १९५१ मध्ये, घरांच्या आतून शिशाच्या रंगावर बंदी घातली. अमेरिकेत अशी बंदी घालणारे ते पहिले शहर. पण जो रंग आधीच भिंतीवर होता तो तिथेच राहिला.

‘अडाणी आईबाप’ : एक जुना बहाणा

मुले मरू लागली, वर्तमानपत्रांत बातम्या येऊ लागल्या, तेव्हा शिसे उद्योगाच्या संघटनेने काय केले? त्यांनी रंगाचा दोष मान्य केला नाही, दोष आईबापांवर टाकला. पोरांकडे लक्ष नाही, घाणीत राहतात, मुलांना काहीही खाऊ देतात, अशी मांडणी झाली. १९५० च्या दशकात या संघटनेच्या आरोग्य विभागाच्या प्रमुखाने लिहिले की आईबापांना शिकवायला हवे, पण ते शिकण्यासारखे नाहीत. बहुतेक प्रकरणे काळ्या आणि पोर्टो रिकन कुटुंबांतली आहेत, तेव्हा करायचे तरी काय? कंपन्यांचे हे अंतर्गत कागद पुढे न्यायालयीन खटल्यांमुळे बाहेर आले आणि डेव्हिड रोझनर व जेराल्ड मार्कोविट्झ या इतिहासकारांनी ते जगासमोर मांडले.

हा युक्तिवाद ओळखीचा वाटतो ना? विष विकणारा सुसंस्कृत आणि विष खाणारा अडाणी. आपल्याकडे गटारात माणूस गुदमरून मेला की तो दारू प्यायला होता, त्याने मास्क लावला नव्हता असे सांगतात. पोर शाळेतून गळाले की आईबापांना शिक्षणाची किंमत नाही असे सांगतात. खंड बदलतो, भाषा बदलते, बहाणा तोच राहतो.

१९६९ : एका वर्षात दोन उत्तरे

आता १९६९ या वर्षाकडे या. त्या वर्षी आर्थर जेन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने ‘हार्वर्ड एज्युकेशनल रिव्ह्यू’मध्ये एक भलामोठा लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे की काळ्या मुलांच्या शिक्षणासाठी खास योजना राबवून पाहिल्या, उपयोग झाला नाही. काळ्या-गोऱ्यांच्या बुद्ध्यांकातल्या फरकामागे आनुवंशिकतेचा मोठा वाटा असावा. म्हणजे तेच, रक्तातच नाही. हा लेख प्रचंड गाजला. गरिबांच्या शिक्षणावरचा खर्च नको असणाऱ्यांच्या हाती आयते हत्यार आले.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममध्ये पोर्टो रिकन तरुण-तरुणींनी ‘यंग लॉर्ड्‌स’ ही संघटना उभी केली. मूळची ती शिकागोची आणि ब्लॅक पँथर्सकडून प्रेरणा घेतलेली. यातले बरेच जण विशी-बाविशीचे. त्यांनी आधी वस्तीतल्या लोकांना विचारले, तुम्हाला काय हवे आहे? लोक म्हणाले, कचरा उचलला जात नाही. मग त्यांनी झाडू हातात घेतले, आणि पालिका ऐकेना तेव्हा तोच कचरा रस्त्यात आणून टाकला. त्यानंतर त्यांनी शिशाचा प्रश्न हाती घेतला.

न्यूयॉर्कने १९६० मध्येच घरांतल्या शिशाच्या रंगावर बंदी घातली होती. कागदावर प्रश्न सुटला होता. प्रत्यक्षात जुन्या इमारतींच्या भिंती तशाच होत्या आणि मुले आजारी पडत होती. शहराच्या आरोग्य खात्याकडे शिशाच्या तपासणीचे हजारो संच आले होते, पण ते वापराविना पडून होते. यंग लॉर्ड्‌सनी ते मागितले. मिळाले नाहीत. मग ते आरोग्य खात्याच्या कार्यालयात जाऊन बसले आणि संच घेऊनच उठले. डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकीय विद्यार्थी सोबत घेऊन त्यांनी घरोघरी जाऊन मुलांच्या लघवीचे नमुने गोळा केले. अनेक मुलांमध्ये शिसे सापडले. जे खाते म्हणत होते की प्रश्न फार मोठा नाही, त्याच्यासमोर त्यांनी आकडे ठेवले. १९७० मध्ये न्यूयॉर्क शहराला शिसे-विषबाधा रोखण्यासाठी स्वतंत्र विभाग काढावा लागला. १९७१ मध्ये अमेरिकेत यासाठी केंद्रीय कायदा झाला आणि १९७८ मध्ये घरगुती रंगातल्या शिशावर देशभर बंदी आली. ही बंदी एकट्या यंग लॉर्ड्‌सनी आणली असे मी म्हणणार नाही. अनेक डॉक्टर, पालक, पत्रकार त्यात होते. पण वस्तीतून मोजणीची मागणी उठली नसती तर कार्यालयातली खोकी उघडली गेली नसती.

एका बाजूला विद्यापीठातला विद्वान कागदावर सिद्ध करत होता की दोष जन्मात आहे. दुसऱ्या बाजूला वस्तीतली पोरे दारोदार जाऊन सिद्ध करत होती की दोष भिंतीत आहे. इतिहासाने कोणाला खरे ठरवले?

इथे आपले नाते लक्षात घ्या. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून निग्रोंचा आणि अस्पृश्यांचा प्रश्न किती सारखा आहे हे कळवले होते. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने नाव ब्लॅक पँथरवरूनच घेतले. ज्या झाडाला यंग लॉर्ड्‌स ही फांदी फुटली त्याच झाडाकडे पाहून आपल्याकडेही पँथर जन्माला आली. पण पँथर म्हटले की आपल्याला मोर्चा, कविता आणि रस्त्यावरची झुंज आठवते. घरोघरी जाऊन मुलांची तपासणी करणारी ही परंपरा आपण कमी आठवतो. तीही तितकीच लढाऊ होती.

दुधाच्या दातांची साक्ष

वर्गात नेमके काय घडते, ते सिद्ध करण्याचे काम हर्बर्ट नीडलमन या बालरोगतज्ज्ञाने केले. त्याची पद्धत साधी होती. रक्तातले शिसे काही आठवड्यांत उतरते, पण दातात ते साठून राहते. म्हणून त्याने बॉस्टनजवळच्या चेल्सी आणि सोमरव्हिल या गावांतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा केले आणि त्यांतले शिसे मोजले. शिक्षिकांना प्रत्येक मुलाबद्दल प्रश्न विचारले : लक्ष टिकते का? सांगितलेले समजते का? काम पूर्ण करते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षिकांना माहीत नव्हते.

१९७९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दातात शिसे जितके अधिक, तितके शिक्षिकेचे मत अधिक वाईट. ज्या मुलांत शिसे जास्त होते त्यांचा बुद्ध्यांक सरासरी चार गुणांनी कमी भरला. यातल्या एकाही मुलाला कोणी आजारी म्हटले नव्हते. अकरा वर्षांनी नीडलमनने यातलीच मुले पुन्हा शोधली. लहानपणी जास्त शिसे असलेल्यांत शाळा अर्धवट सुटण्याची शक्यता सातपट आणि वाचनात अडचण असण्याची शक्यता सहापट निघाली.

म्हणजे शिक्षिकेने प्रगतिपुस्तकावर लिहिलेला ‘लक्ष नाही’ हा शेरा खोटा नव्हता. त्याचे कारण मात्र तिला ठाऊक नव्हते. ते कारण मुलाच्या दातात होते.

याबद्दल नीडलमनला काय बक्षीस मिळाले? १९९१ मध्ये त्याच्यावर वैज्ञानिक गैरवर्तनाचा आरोप झाला. आरोप करणाऱ्या दोन्ही मानसशास्त्रज्ञांनी एका खटल्यात शिसे कंपन्यांच्या बाजूने काम केलेले होते. चौकशी झाली, त्याची कागदपत्रे तपासली गेली आणि तो निर्दोष ठरला. सत्य बोलणाऱ्याची चौकशी होते आणि विष विकणाऱ्याची होत नाही, हेही आपल्याला नवीन नाही.

शिशाची ‘धोक्याची पातळी’ कशी बदलत गेली तेही पाहा. १९६० च्या दशकात डेसिलिटरभर रक्तात ६० मायक्रोग्रॅमपर्यंत शिसे असले तरी मूल ठीक मानले जाई. मग ती रेषा ४० वर आली, १९७५ मध्ये ३०, १९८५ मध्ये २५, १९९१ मध्ये १०, २०१२ मध्ये ५ आणि २०२१ मध्ये ३.५. आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही. दर वेळी रेषा खाली आली तेव्हा काल निरोगी ठरवलेली लाखो मुले आज बाधित ठरली. त्या दरम्यान जी मुले नापास झाली, गळाली, तुरुंगात गेली, त्यांची माफी कोणी मागितली?

फ्लिंट : विष आणि गावाचे अर्थकारण

मिशिगन राज्यातले फ्लिंट हे जनरल मोटर्सचे जन्मगाव. १९३६-३७ चा कामगारांचा प्रसिद्ध बैठा संप इथलाच. एके काळी या कंपनीत इथे सुमारे ८०,००० लोक कामाला होते. पुढे कारखाने गेले, गोरा मध्यमवर्ग उपनगरांत गेला, करउत्पन्न आटले. मागे उरलेल्या शहरात निम्म्याहून अधिक वस्ती काळ्यांची आणि दहापैकी चार माणसे दारिद्र्यरेषेखाली. २०११ पासून राज्य सरकारने तिथे आपला आणीबाणी व्यवस्थापक नेमला. लोकांनी निवडून दिलेल्या नगरसेवकांच्या हाती सत्ता राहिली नाही.

एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवण्यासाठी शहराचे पाणी फ्लिंट नदीतून घेतले गेले. त्या पाण्यात जुन्या नळांना गंजू न देणारे रसायन मिसळले नाही. नळांतले शिसे पाण्यात उतरले. आया बाटल्यांत पिवळे पाणी भरून सभांना येत होत्या. अधिकारी म्हणत होते, पाणी चांगले आहे. ऑक्टोबर २०१४ मध्ये जनरल मोटर्सने सांगितले की या पाण्याने आमचे इंजिनाचे भाग गंजतात, आणि कारखान्याला दुसरे पाणी मिळाले. मुलांना ते मिळायला आणखी एक वर्ष लागले. लोखंडाचे ऐकले गेले, आयांचे ऐकले गेले नाही. शेवटी मोना हन्ना-अटिशा या बालरोगतज्ज्ञ बाईंनी रुग्णालयातल्या नोंदी काढून दाखवले की पाच वर्षांखालच्या मुलांत रक्तात जास्त शिसे असणाऱ्यांचे प्रमाण २.४ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर गेले आहे. २०१७ मध्ये मिशिगनच्या नागरी हक्क आयोगाने अहवालात स्पष्ट म्हटले की या संकटाचे मूळ व्यवस्थेत मुरलेल्या वंशवादात आहे.

शंभर वर्षांपूर्वी चवदार तळ्याच्या पाण्याला आपण हात लावला तर ते बाटले म्हणून शुद्ध करून घेणारी व्यवस्था आपण पाहिली आहे. माणसाच्या स्पर्शात विटाळ शोधणाऱ्यांना पाण्यातले खरे विष कधी शोधावेसे वाटत नाही.

फ्लिंटच्या अर्थकारणावर काय परिणाम झाला? घरांच्या किमती कोसळल्या. ज्या कुटुंबाची आयुष्यभराची कमाई एका घरात होती, ती कमाईच बुडाली. शाळांत विशेष शिक्षण लागणाऱ्या मुलांची संख्या वाढली आणि ती सोय मिळावी म्हणून पालकांना न्यायालयात जावे लागले. राज्य सरकार आणि इतरांना नुकसानभरपाईपोटी सुमारे ६२.६ कोटी डॉलर मोजावे लागले. पाण्यावर वाचवलेले पैसे या हिशेबात कुठे बसतात ते तुम्हीच पाहा. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी २०२३ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार एकट्या २०१९ मध्ये शिशामुळे जगाचे सुमारे ६ लाख कोटी डॉलरचे नुकसान झाले, म्हणजे जगाच्या एकूण उत्पन्नाच्या जवळपास ७ टक्के. यात मुलांच्या आयुष्यभराच्या बुडालेल्या कमाईचाही हिशेब आहे. ही गरिबी नशिबाची नव्हे, तयार केलेली आहे.

पण नवा शिक्का नको

इथे एक सावधगिरी हवी. आपण शिशाचा युक्तिवाद करताना विरोधक म्हणतील, बघा, तुम्हीच कबूल केले की यांच्या मुलांची बुद्धी कमी आहे. या सापळ्यात पडायचे नाही.

पहिली गोष्ट, शिसे जात पाहत नाही, वंश पाहत नाही. न्यूझीलंडच्या डनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या मुलांचा आयुष्यभर अभ्यास झाला. तिथे पेट्रोलच्या धुरातले शिसे गरीब-श्रीमंत सर्वांच्या अंगात सारखेच जात होते. वयाच्या अकराव्या वर्षी ज्यांच्या रक्तात शिसे जास्त होते, ते ३८ व्या वर्षी बुद्ध्यांकात मागे पडलेले आणि सामाजिक-आर्थिक शिडीवर आपल्या आईवडिलांपेक्षा खाली घसरलेले आढळले. ही बहुतेक गोरी मुले होती. चांगल्या घरातले मूलही हे विष खाली ओढते. मग जन्माचे श्रेष्ठत्व कुठे गेले?

दुसरी गोष्ट, हे सरासरीचे आकडे आहेत, कोणा एका मुलाचे भविष्य नव्हे. चांगला आहार, चांगली शाळा, मायेचा शिक्षक यांनी फरक पडतो. फ्लिंटवरच्या एका अभ्यासात दिसले की ज्यांच्या घरी शिशाचे नळ नव्हते त्या मुलांचेही गणिताचे गुण घसरले. पाण्याबरोबर भीती, अविश्वास आणि ‘बिघडलेली पिढी’ हा शिक्काही त्या शहराला मिळाला होता. ‘ढ’ पुसून तिथे ‘शिसेवाला’ लिहायचे असेल तर आपण काहीच कमावले नाही.

तिसरी गोष्ट, झालेले नुकसान औषधाने परत येत नाही. रक्तातून शिसे काढणारी औषधे जीव वाचवतात, पण मुलांचे शिक्षण त्यांनी सुधारत नाही, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसले. विष आधीच रोखले तर मात्र फरक दिसतो. ऱ्होड आयलंड राज्यात मुलांच्या रक्तातले शिसे कमी होत गेले तसे वाचनाचे गुण सुधारले आणि काळ्या-गोऱ्या मुलांमधली दरीही काही अंशी बुजली. जी दरी जेन्सनसारखे विद्वान जन्मजात समजत होते, तिचा काही भाग रंग खरवडून मिटला!

आपल्या वस्त्यांचे काय?

युनिसेफ आणि प्युअर अर्थ यांच्या २०२० च्या अहवालानुसार जगात दर तीन मुलांमागे एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसे आहे. त्यातली सुमारे २७.५ कोटी मुले भारतातली. १९९८-९९ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुंबई आणि दिल्लीतल्या तीन वर्षांखालच्या बालकांचे रक्त तपासले होते. बहुतेकांच्या रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे निघाले. त्यानंतर २००० मध्ये पेट्रोलमधले शिसे गेले. नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगात शिसे दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये असा नियम लागू झाला. पण जुन्या भिंतींवरचा रंग, भेसळीच्या मसाल्यातला पिवळा रंग, शिसे मिसळलेली कल्हई आणि सर्वांत मोठे म्हणजे जुन्या बॅटऱ्या, हे सगळे आहेच. आणि पाच वर्षांखालच्या आपल्या दर तीन मुलांपैकी दोघांच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणजे विषाला दार उघडेच.

इन्व्हर्टर, रिक्षा, ट्रक यांच्या बॅटऱ्या भंगारात येतात. मोठा हिस्सा छोट्या भट्ट्यांत जातो. हाताने फोडायच्या, आम्ल गटारात ओतायचे, शिसे वितळवायचे. हे काम कोणाच्या वाट्याला येते, भट्टी कोणाच्या वस्तीला लागून असते, हे तुम्हाला सांगायला नको. १९३२ चे बाल्टिमोर आपल्याकडे अजून संपलेले नाही. पण त्या भट्टीवर चार घरांची चूलही पेटते. म्हणून नुसते ‘भट्ट्या बंद करा’ म्हणून भागणार नाही. उद्या भट्टी बंद झाली आणि मजूर उपाशी राहिला तर तो आपल्यावरच उलटेल, आणि त्याचे बरोबरच असेल. बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने आपला माल परत घेऊन सुरक्षित कारखान्यात वितळवावा आणि भंगारवाल्या मजुराला तिथे पगारी काम मिळावे, ही मागणी हवी.

हे होऊ शकते. शेजारच्या बांगलादेशात हळदीत शिशाचा पिवळा रंग मिसळत. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत तो होता. संशोधकांनी बोंब मारली, सरकारने छापे घातले, दंड केले. २०२१ पर्यंत भेसळीचा एकही नमुना सापडला नाही. दोन वर्षांत!

कार्यकर्त्यांसाठी

एक : आपल्या भागातल्या बॅटरीच्या भट्ट्या, त्यांच्याजवळच्या अंगणवाड्या आणि शाळा यांचा नकाशा तयार करा. माती आणि मुलांच्या रक्ताची तपासणी व्हावी म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राकडे लेखी मागणी करा, माहिती अधिकाराचा अर्ज टाका.

दोन : शाळा-अंगणवाड्यांत मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात रक्तातल्या शिशाच्या तपासणीची मागणी लावून धरा. आकडे वस्तीनिहाय आणि जातनिहाय जाहीर करायला लावा. जातगणना मागणाऱ्यांनी विषाचीही गणना मागितली पाहिजे.

तीन : आपल्यातले जे वैद्यकीय, नर्सिंग, रसायनशास्त्राचे शिक्षण घेत आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार वस्तीला द्यावा. यंग लॉर्ड्‌सकडे याहून जास्त साधने नव्हती.

चार : वर्गात कोणी मुलाला ‘ढ’ म्हटले तर तिथल्या तिथे आक्षेप घ्या. आणि पुढे ‘मेरिट’चा वाद निघाला की विचारा : तुमचे मूल कोणत्या भिंतीजवळ रांगले, आणि आमचे कोणत्या?

बाबासाहेबांनी आपल्याला शिकायला, संघटित व्हायला आणि संघर्ष करायला सांगितले. शिकण्यासाठी आधी मेंदू शाबूत हवा. तो शाबूत राखणे हीसुद्धा आपली लढाई आहे.

जय भीम!